घंटा गेल्यानंतरचा रविवार

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथे देवळांपाशी एका लहानशा दगडी मंडपात एक घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात अशीच एक घंटा आहे, ती १७२१ची. भीमाशंकरच्या आवारातही एक आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून विजयाची खूण म्हणून आणलेल्या या घंटा, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत मी मेणवलीच्या त्या मंडपापुढे उभा होतो. एक सहकारी हसत म्हणाला, "काय रे, तुमचीच ना ही?" मीही हसलो. चेष्टा निरुपद्रवी होती. परत येताना बसमध्ये मात्र एक साधासा प्रश्न डोक्यात शिरला आणि तो अजून गेलेला नाही. घंटा कुठे गेली हे सगळे सांगतात. ज्या गावातून ती गेली, त्या गावात पुढच्या रविवारी सकाळी काय झालं? मिस्सेची वेळ झाली हे लोकांना कसं कळलं? आणि मिस्सा म्हणायला कोणी होतं का?

मी वसईचा. आमच्या घरात गेल्या कित्येक पिढ्या रविवार चर्चमध्ये उजाडतो. वसईच्या इतिहासावरची जी पुस्तकं मी वाचली, त्यांत किल्ला आहे, तोफा आहेत, सुरुंग आहेत, तह आहेत. रविवार नाही. तो पुस्तकांत सापडणं कठीणच, कारण दर आठवड्याला घडणाऱ्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार? तरी इकडून तिकडून काही तुकडे हाती लागतात. काही दस्तऐवजांतून, काही रोमच्या फतव्यांतून, आणि बरेचसे आजीच्या बोलण्यातून.

१५३४मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे पाच वर्षं ती त्यांच्याकडे होती. मे १७३९मध्ये किल्ला पडला तेव्हा शरणागतीच्या अटी ठरल्या. त्यांत ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्माप्रमाणे वागू द्यावं, त्यासाठी काही चर्च राहू द्यावीत, असंही कलम होतं. पोर्तुगीज सरदार, सैनिक, युरोपीय संन्यासी गलबतांत बसून निघून गेले. ज्यांना जायला दुसरं गाव नव्हतं ते राहिले. केळी आणि पानवेली लावणारे शेतकरी राहिले, मासे मारणारे कोळी राहिले. आमच्याविषयी बोलताना 'पोर्तुगीजांबरोबर आलेले' असा सूर अजूनही कधीकधी कानी येतो, म्हणून हे जरा ठासून सांगतो. पोर्तुगीजांबरोबर आलेले त्यांच्याबरोबरच गेले. आम्ही इथलेच.

मग या राहिलेल्यांचं चर्च चालवलं कोणी? गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी. १७६०च्या सुमारास आंकेतील दुपेराँ नावाचा एक फ्रेंच प्रवासी साष्टीत आला होता. पुढे अवेस्ताचं फ्रेंच भाषांतर करून युरोपात गाजला तोच हा. तो आला होता लेणी बघायला. पण ठाण्यात त्याला ख्रिस्ती लोकांचा एक उत्सव थाटामाटात चाललेला दिसला, उपासना करणारे पाद्री देशी, आणि मराठे लोकही तो बघायला आलेले. पेशवाईच्या मुलखात, किल्ला पडल्यावर वीसेक वर्षांनी. दुपेराँची ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मेणवलीचा तो सहकारी आठवला. घंटा नेणारे आणि उत्सवाला येणारे, दोघेही मराठेच. पहिल्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, दुसऱ्यांवर फारसं नाही.

पण पाद्री थोडे आणि गावं पुष्कळ. दर रविवारी प्रत्येक चर्चमध्ये मिस्सा होत असेल असं मला वाटत नाही. अशा वेळी आठवडा कशाच्या आधारावर उभा राहतो? माझं उत्तर आहे, तेर्सच्या.

तेर्स म्हणजे रोजरीची, जपमाळेची प्रार्थना. शब्द पोर्तुगीज 'तेर्सु'वरून आला. अर्थ, एक तृतीयांश. बायबलात दीडशे स्तोत्रं आहेत. मठातले शिकलेले संन्यासी ती म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी त्यांच्या जागी 'नमो मरिया' दीडशे वेळा म्हणायची अशी रीत युरोपात मध्ययुगात पडली. रोज दीडशे जमणं कठीण, म्हणून एका वेळी पन्नास. दीडशेचा तिसरा हिस्सा. म्हणजे ही मुळातच निरक्षरांची प्रार्थना. तिला पुस्तक लागत नाही, पाद्री लागत नाही, चर्च लागत नाही. दहा बोटं असली तर माळसुद्धा लागत नाही. आमच्या घरी ती दिवेलागणीनंतर, जेवणाआधी व्हायची. आजी सुरुवात करायची, बाकीचे पुढचा अर्धा भाग म्हणायचे. झाल्यावर धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद घ्यायचा. पाहुणा आलेला असला तर त्याचाही. भांडण झालेलं असलं तर त्या काकाचासुद्धा, आणि हा भाग फार अवघड जायचा.

आजीच्या लहानपणचा रविवार मात्र शनिवारी मध्यरात्रीच सुरू व्हायचा. कम्युनियन घ्यायचं तर रात्री बारापासून पोटात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, असा नियम होता. मिस्सा फक्त सकाळीच का असायची, याचं कारण या उपासात आहे. संध्याकाळपर्यंत बिनपाण्याचं राहायचं कोणी? १९५३मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली. १९५७मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४च्या नोव्हेंबरात एका तासावर. कागदावर या किरकोळ दुरुस्त्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांनी आमच्या आठवड्याचा सगळा साचा बदलला. आज शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरतात आणि रविवारी लोक लग्नाला, क्रिकेटला किंवा नुसते झोपायला मोकळे असतात. हे सगळं त्या पाण्याच्या थेंबापासून सुरू झालं.

तर आजी, तिची आई आणि आत्या अंधारात निघायच्या. लाल लुगडी नेसून, वाडीच्या बांधावरून. ती चर्चला 'देऊळ' म्हणायची. आत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पाद्री लोकांकडे पाठ करून वेदीपुढे उभा. लॅटिन सुरू. कोणाला एक अक्षर कळत नसे, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नसे. बायका माळ काढून तेर्स म्हणत बसायच्या. मध्येच लहान घंटी वाजली की सगळ्यांनी मान खाली घालायची. तेवढं कळलं म्हणजे मिस्सा कळली.

मराठी ऐकू यायची ती पाद्री प्रवचनाला उभा राहिला की. हा नियम जुना आहे. १५६२मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की मिस्सा लोकभाषेत होऊ नये, पण चाललेल्याचा अर्थ लोकांना वरचेवर, विशेषतः रविवारी, समजावून सांगितला पाहिजे. म्हणजे देवाशी लॅटिनमध्ये बोलायचं आणि माणसांशी त्यांच्या भाषेत. प्रवचनानंतर सूचना. अमुक वाडीचा मुलगा, तमुक वाडीची मुलगी, यांचं लग्न ठरलं आहे, कोणाची काही हरकत असेल तर कळवा. ही घोषणा तीन वेळा व्हायची, तीही ट्रेंटचीच देणगी. आजी सांगायची, प्रवचनात डुलक्या घेणारे सूचनांना खडबडून जागे व्हायचे.

आणि खरा रविवार सुरू व्हायचा तो मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या आवारात. उपाशी पोटी घरी पळायला हवं, पण पाय निघत नसत. केळीचा भाव काय चाललाय, कोणाचा बैल विकायला आहे, कोणाच्या मुलीला कुठून विचारणा आली, सगळं तिथेच. १८६०च्या दशकात रेल्वे आल्यापासून आमच्याकडची पानं, केळी, भाजी, फुलं आणि दूध मुंबईला जाऊ लागलं. आठवडाभर माणसं पहाटेच्या गाडीच्या वेळेवर जगू लागली. सगळी जमात एका जागी थांबलेली दिसायची ती त्या एका सकाळी. १९१८मध्ये बॅसिन कॅथलिक पतपेढी निघाली, तिची आज मोठी सहकारी बँक झाली आहे. तिच्या स्थापनेची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. तरी जिथे लोक दर रविवारी एकमेकांची अडचण तोंडावर वाचत होते तिथेच पतपेढी रुजते, यात मला नवल वाटत नाही.

रविवारी काम करायचं नाही ही आज्ञा. पण पानवेलीला हे कोण सांगणार? तिला पाणी हवंच. आमच्या वाडीत रहाट होता, त्याला बैल जुंपावा लागे. पणजोबांनी एकदा पाद्रीला विचारलं म्हणे, की रविवारी रहाट फिरवला तर पाप लागतं का? पाद्रीने विचारलं, नाही फिरवला तर काय होईल? पणजोबा म्हणाले, वेल मरेल. मग फिरव, पण मिस्सेनंतर, आणि बैलाला सोमवारी सुट्टी दे. ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते. तिच्यात बैलाच्या सोमवारची भर कोणी घातली ते सांगता येत नाही, पण ती मला आवडते. शुक्रवारी मांस वर्ज्य होतं. तो उपास आम्ही मनोभावे पाळायचो, कारण त्या दिवशी मासे चालत. समुद्रकाठच्या माणसाला याहून सोपी तपश्चर्या कोणी दिली नसेल.

आता भाषेकडे येतो, कारण माझा मूळ प्रश्न तिथेच येऊन अडकतो.

ख्रिस्ती धर्म आणि मराठी यांचं नाव एकत्र निघालं की लोक नगरकडे बघतात. रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, बाबा पदमनजी. ही सगळी प्रॉटेस्टंट परंपरा, एकोणिसाव्या शतकातली. कॅथलिकांची कथा त्याहून दोनशे वर्षं जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यातल्या साष्टीत राहिला. ती गोव्याची साष्टी, मुंबईजवळची नव्हे. १६१६मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं सोडायला सांगितलं होतं, आणि रविवारी मिस्सेनंतर ऐकायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ती पोकळी भरायला हे पुराण. गंमत म्हणजे मराठीतलं हे इतकं मोठं काव्य छापलं गेलं रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४मध्येही ते पुन्हा छापलं गेलं, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोणाच्या हाती नाही. हस्तलिखितांवरून १९०७मध्ये मंगळूरला ते नव्याने छापलं तेव्हा ते वाचलं. स्टीफन्सनंतर साठेक वर्षांनी, १६८४मध्ये, गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षांत! लोकांनी काही सोडली नाही. हुकूम काढणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं मात्र कौतुक वाटतं.

आमच्या वसईला पुढे एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच भांडणाने घेरलं. आमच्यावर धार्मिक सत्ता कोणाची, पोर्तुगालच्या राजाची की थेट रोमची? त्याच्या तपशिलात शिरलो तर हा लेख संपायचा नाही. एवढंच सांगतो, की १८८६मध्ये दमणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आम्ही त्यात गेलो, १९२८मध्ये तो मोडला आणि आम्ही मुंबईच्या आर्चबिशपांकडे आलो. म्हणजे तलवारीची पोर्तुगीज सत्ता १७३९मध्ये संपली, वेदीवरची त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं टिकली. चर्चची जुनी रजिस्टरं उघडली की हे डोळ्यांना दिसतं. बाप्तिस्म्याच्या नोंदी वळणदार पोर्तुगीजमध्ये. ज्या बाळाच्या नावाने त्या आहेत ते बाळ, त्याची आई, त्याची सुईण, कोणी जन्मात पोर्तुगीज बोललं नसेल.

मग आलं १९६४. त्या वर्षाच्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. आमच्या गावातून माणसं गाड्या भरभरून गेली. आजी गेली होती. पोप तिला अंगठ्याएवढा दिसला, असं ती सांगायची. त्याच्या आदल्या वर्षी, ४ डिसेंबर १९६३ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर करून लोकभाषेला दार उघडलं होतं. पुढच्या काही वर्षांत लॅटिन मागे हटत गेली, पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहिला, आणि १९६९च्या नव्या मिस्सापद्धतीनंतर तर सगळंच नवं झालं. चारशे वर्षांत पहिल्यांदा वसईच्या वेदीवर मराठी बोलली गेली.

मला वाटायचं, आजीला केवढा आनंद झाला असेल! मी तिला तसं विचारलंही. तिचं उत्तर मी इथे प्रमाण मराठीत देतो. ती बोलायची ती आमच्या सामवेदी बोलीत, आणि ती बोली अक्षरांत उतरवायला गेलो की अर्धी निसटते.

"कळायला लागलं," ती म्हणाली. "पण ते मास्तरचं मराठी."

तिचं म्हणणं असं, की ती आयुष्यभर 'मिस्सा' म्हणत आली होती, आता त्याचा 'ख्रिस्तयाग' झाला. बाप्तिस्म्याचा 'स्नानसंस्कार' झाला. धर्मग्राम, प्रायश्चित्त, पुनरुत्थान. मराठी करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परका वाटणारा धर्म या मातीतला वाटावा म्हणून त्यांनी संस्कृताकडे हात पसरला. पण आजीसाठी चित्र उलटं होतं. पोर्तुगीजातून आलेले शब्द चारशे वर्षांत तिच्या जिभेवर झिजून गुळगुळीत झाले होते. तेच तिचे घरचे होते. नाताळ हा शब्दही पोर्तुगीज, तो तर सगळ्या महाराष्ट्राचा आहे. आम्हाला कुपारी म्हणतात, तेही पोर्तुगीज 'कोंपाद्री'वरून आलं असं सांगतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता यांनी एकमेकांना हाक मारायचा तो शब्द. एका संस्काराने जोडलेलं नातं अख्ख्या जमातीचं नाव झालं. आणि ख्रिस्तयाग तिला परका.

दुसरी गोष्ट तिने फार वर्षांनी सांगितली. मराठी मिस्सा सुरू झाल्यावरही ती सवयीने माळ काढून तेर्स म्हणत बसली. पाद्रीने वेदीवरून सगळ्या बायकांना सांगितलं की आता मिस्सा तुमच्या भाषेत आहे, माळा पिशवीत ठेवा आणि उत्तरं द्या. बरोबरच होतं त्याचं. तिने माळ ठेवली. "पण माझे हात रिकामे झाले," ती म्हणाली.

मी यावर खूप विचार केला आहे. लॅटिन परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. ज्या भाषेत माणूस बाजार करतो, रडतो, त्या भाषेत त्याने प्रार्थना करावी, यात वाद नाही. पण न कळणाऱ्या लॅटिनच्या आडोशाला आमच्या बायकांनी आपली स्वतःची एक उपासना चारशे वर्षं चालवली होती, आपल्या उच्चारांत, आपल्या गतीने. तिच्यावर कोणाची देखरेख नव्हती. मराठी वेदीवर आली तेव्हा ती प्रमाण होऊन, छापील होऊन आली, आणि तिच्याबरोबर चूक-बरोबरही आलं.

त्या छापील मराठीने पुढे फार मोठं काम केलं, हेही लगेच सांगायला हवं. 'सुवार्ता' मासिक आमच्या घरी आईने वर्षानुवर्षं घेतलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३पासून त्याचे संपादक होते. त्यांनी सुबोध बायबल लिहिलं, हरित वसईच्या आंदोलनात उतरले, आणि जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९९८मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली, तेव्हा पहिले बिशप थॉमस डाबरे हे तुकारामांवर डॉक्टरेट केलेले. जिचं मराठीपण सिद्ध करायची गरज दर पिढीला पडत होती त्या जमातीसाठी ही साधी गोष्ट नव्हती. २०२४च्या जुलैत दिब्रिटो गेले तेव्हा आमच्या आळीतल्या, मराठी पुस्तक हातात न धरणाऱ्या माणसांनाही आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

आणि आता इंग्रजी.

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सल्लागार मंडळात एक विषय निघाला. रविवारच्या तीन मराठी मिस्सांपैकी एक इंग्रजी करावी. गावाचं शहर झालंय. टॉवरमध्ये मंगळुरी, मल्याळी, गोवेकर, मुंबईहून सरकलेले ईस्ट इंडियन राहतात. त्यांचा हक्क आहेच. पण खरी मागणी त्यांची नव्हती, आमच्याच घरांतली होती. आमची मुलं इंग्रजी शाळेत जातात. धर्मशिक्षणाच्या वर्गात 'पुनरुत्थान' वाचताना अडखळतात. एक आई उठून म्हणाली, "माझा मुलगा मिस्सेत मोबाइल बघत बसतो, कारण त्याला मराठी कळत नाही." एक काका तडकले, "मग घरी मराठी बोला!" ती म्हणाली, "बोलतो की. आपली बोली बोलतो. हे मराठी कुठे बोलतो?"

मी तिथे मराठीच्या बाजूने बोलायला गेलो होतो, टिपणं काढून. स्टीफन्स, १६८४चा हुकूम, १९६३, सगळं तयार होतं. तिचं ते वाक्य ऐकलं आणि कागद खिशातच राहिला. ते आजीचंच वाक्य होतं. फक्त आजीने त्यानंतर माळ पिशवीत ठेवली होती, आणि ही बाई दुसरी भाषा मागत होती. मतदान झालं नाही, आमच्याकडे सहसा होत नाही. फादरांनी सहा महिने करून बघू म्हणून सांगितलं. सहा महिने केव्हाच संपले, इंग्रजी मिस्सा चालू आहे. माझी पुतणी तिथे पहिलं वाचन करते आणि छान करते. मी पहाटेच्या मराठी मिस्सेला जातो. तिथे बहुतेक जण माझ्याहून मोठे असतात.

ऑक्टोबरात मात्र आमच्या आळीतल्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी तेर्स होते. क्रूस जुना आहे, चुन्याच्या कितीतरी थरांखाली त्याच्यावरचं साल बुजून गेलंय. पाद्री येत नाही, चर्चची घंटा तिथवर ऐकू येते आणि मग कोणीतरी म्हातारी सुरुवात करते. परवा पुतणी शेजारी उभी होती. तेर्स तिला तोंडपाठ आहे, शब्द आजीचेच, ओढायची पद्धतही तीच. शेवटी मारियाचं गीत सुरू झालं तेव्हा तिने मोबाइल काढला. मी वाकून बघितलं. कोणीतरी ग्रुपवर गीत टाकलं होतं. मराठीच, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत रोमन अक्षरांत.

"असंच वाचता तुम्ही?" मी विचारलं.

"मग कसं वाचायचं?" ती म्हणाली, आणि पुढची ओळ सुरू झाली होती म्हणून गायला लागली.